गाणं नसतं तेव्हा

विल्यम ऑल्विन हे नाव आता खुद्द इंग्लंडमध्येही फारसं कुणाला आठवत नाही. 1905 मध्ये नॉर्दम्प्टनच्या एका वाण्याच्या घरात जन्मलेले ऑल्विन एकविसाव्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये संगीतरचना शिकवू लागले आणि 1955 पर्यंत शिकवत राहिले. त्यांनी पाच सिंफनी लिहिल्या, ऑपेरा लिहिला आणि सत्तरहून अधिक चित्रपटांना संगीतही दिलं. कॅरल रीड यांच्या ‘ऑड मॅन आउट’ (1947) या चित्रपटासाठी त्यांनी मुख्य सुरावट चित्रीकरणाच्या आधीच लिहून दिली होती, कारण जखमी नायकाचं लडखडत चालणं त्या लयीवर बसायला हवं होतं. इतक्या काळजीने केलेल्या या कामाचं पुढे काय झालं? बऱ्याच चित्रपटांची मूळ स्वरलिपी स्टुडिओंनी जपलीच नाही. नव्वदच्या दशकात ध्वनिमुद्रिका काढायची ठरली, तेव्हा फिलिप लेन यांच्यासारख्या जाणकारांना जुने चित्रपट पुन्हा पुन्हा ऐकून, संवाद आणि बंदुकांच्या आवाजांखालून ते संगीत शोधून, कागदावर पुन्हा उतरवावं लागलं. ज्या देशात संगीत लिहून ठेवण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे, त्या देशातली ही कथा. या ऑल्विन यांच्या हाताखाली पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईचा एक तरुण शिकत होता. वनराज भाटिया त्याचं नाव. गुरूच्या वाट्याला आलेली उपेक्षा शिष्याच्याही वाट्याला आली, आणि तिचं स्वरूप अधिक गुंतागुंतीचं होतं.

भाटियांचा जन्म 31 मे 1927 चा, मुंबईतल्या कच्छी व्यापारी कुटुंबातला. शाळा न्यू एरा. हिंदुस्थानी संगीताचे पहिले धडे मिळाले ते ऑपेरा हाउसजवळच्या देवधर मास्तरांच्या संगीत विद्यालयात. हा तपशील चरित्रातली एक ओळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. प्रा. बी. आर. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य असले, तरी पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केला होता. कुमार गंधर्व घडले ते याच विद्यालयात. रागाची शिस्त आणि बाहेरच्या संगीताविषयीचं कुतूहल ही दोन्ही तिथल्या हवेत होती. किशोरवयात चायकोव्हस्कीचा पियानो कन्चेर्तो कानावर पडला आणि भाटियांची वाट बदलली. चार वर्षं डॉ. माणेक भगत यांच्याकडे पियानो, एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजीची एम.ए., आणि मग लंडन. तिथे हॉवर्ड फर्ग्युसन, अ‍ॅलन बुश आणि ऑल्विन असे तीन गुरू लाभले. 1954 मध्ये सुवर्णपदक घेऊन ते पॅरिसला नादिया बुलाँजे यांच्याकडे गेले आणि पाच वर्षं तिथे राहिले. विसाव्या शतकातले कित्येक नामवंत रचनाकार या बाईंच्या खोलीतून गेले आहेत. भाटिया पॅरिसला पोचले त्याच सुमाराला अर्जेंटिनाचे आस्तोर पियाझोलाही तिथे शिकत होते, आणि सिंफनीचा नाद सोडून आपल्या टँगोकडे परत जा, असं बुलाँजेबाईंनी त्यांना बजावल्याचं प्रसिद्ध आहे. भाटियांना तसं कुणी बजावलं की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण 1959 मध्ये भारतात परतल्यावर त्यांच्यापुढे उभा राहिलेला पेच हाच होता: जे शिकलो, त्याचं इथे करायचं काय?

हा पेच दोन पदरी होता. पहिला पदर शास्त्राचा. आपला राग ही एका रेषेची कला आहे. तंबोऱ्याचा षड्ज स्थिर असतो, आणि प्रत्येक स्वराला अर्थ येतो तो त्या स्थिर षड्जाशी असलेल्या नात्यातून. युरोपीय हार्मनीत एका वेळी अनेक स्वर उभे राहतात आणि स्वरांखालची जमीनच सरकत राहते. वर यमन गाऊन खाली कॉर्ड बदलत गेलात, तर तीव्र मध्यमाचं यमनातलं स्थान डळमळू लागतं. या दोन पद्धती नुसत्या एकमेकींवर ठेवून भागत नाही, हे भाटियांइतकं क्वचितच कुणाला कळलं असेल, कारण दोन्हींचं शिक्षण त्यांनी मुळापासून घेतलं होतं. दुसरा पदर व्यवहाराचा. लिहिलेलं वाजवणार कोण? मेहली मेहतांनी तीसच्या दशकात उभी केलेली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा तोवर ओसरली होती, आणि एनसीपीएची सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभी राहायला 2006 साल उजाडायचं होतं. मधल्या जवळजवळ अर्ध्या शतकात भारतात राहून वाद्यवृंदासाठी लिहिणं म्हणजे कागद कपाटात रचणं. भाटियांनी 1960 ते 1965 दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवलं आणि मग ते जाहिरातींकडे वळले. लिरिल, गार्डन वरेली, ड्युलक्स अशा किती जिंगल त्यांनी केल्या याचा नेमका हिशेब कठीण आहे. सात हजार हा आकडा सांगितला जातो. याला पोटासाठी केलेली तडजोड म्हणून सोडून देण्याची पद्धत आहे. पण वीस सेकंदांत सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली स्वरवाक्यं हजारोंनी लिहिणाऱ्या माणसाला चित्रपटात पाच सेकंदांची जागा मिळाली तरी ती पुरते. श्याम बेनेगलही जाहिरातपटांतूनच आले होते. 1974 मध्ये त्यांनी ‘अंकुर’ केला आणि संगीतासाठी भाटियांना बोलावलं, तेव्हा हे गणित जुळलं.

माझा मुद्दा असा की चित्रपटाचं पार्श्वसंगीत ही भाटियांच्या ‘खऱ्या’ संगीताची दुय्यम शाखा नव्हती. वर सांगितलेला पेच त्यांनी तिथेच सोडवला, आणि तो सुटला कारण चित्रपटाने त्यांना सभागृहात न मिळणाऱ्या गोष्टी दिल्या: वादक, मुदत, मोबदला आणि लाखो कान. शिवाय, आणि हे सर्वांत महत्त्वाचं, हार्मनीला कारण दिलं. सभागृहात रागाखाली कॉर्ड का, या प्रश्नाला उत्तर नसतं. पडद्यावर ते असतं, कारण चेहरा एक सांगत असतो आणि परिस्थिती दुसरंच. वरची रेषा पात्राची, खालची सरकती जमीन परिस्थितीची, अशी विभागणी चित्रपटात स्वाभाविक वाटते.

ही गोष्ट आपल्या लक्षात का येत नाही, याची कारणं हिंदी आणि मराठी चित्रपटसृष्टीच्या कामाच्या पद्धतीत आहेत. आपल्याकडे संगीतकार म्हणजे चाल लावणारा. चालीभोवतीचा वाद्यमेळ लिहायचे अरेंजर, आणि मुंबईत ते बहुधा गोव्याचे असायचे, चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून आलेले. सॅबेस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी केलेलं काम कानांना पाठ असतं, नाव मात्र नसतं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी तर 1958 मध्ये राग आणि सिंफनी एकत्र आणणाऱ्या मैफिली मुंबईत करून पाहिल्या. पुढे ते अमेरिकेला गेले, आणि लोकांना आठवतं ते त्यांचं नाव असलेलं ‘अमर अकबर अँथनी’तलं गाणं. या व्यवस्थेत पार्श्वसंगीत म्हणजे गाणी संपल्यावर उरलेलं काम, आणि बऱ्याचदा ते सहायकांच्या गळ्यात पडे. भाटिया मात्र स्वतःची स्वरलिपी स्वतः लिहीत. कोणतं वाद्य कोणत्या मात्रेला थांबेल, हे त्यांच्या कागदावर असे. चाल, वाद्यमेळ आणि पार्श्वसंगीत एकाच डोक्यातून आल्यामुळे गाणं आणि गाण्याबाहेरचं संगीत यांतली भिंत त्यांच्या चित्रपटांत पातळ आहे.

‘अंकुर’मध्ये प्रचलित अर्थाने गाणी नाहीतच. ‘निशांत’ (1975) आणि ‘मंथन’ (1976) या दोन्हींच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या, म्हणजे मराठी रंगभूमीवर शांततेचा शस्त्रासारखा वापर करणाऱ्या लेखकाच्या. अशा संवादांखाली व्हायोलिनं वाजवत राहणं हा अपराधच ठरला असता, आणि भाटियांनी तो केला नाही. ‘निशांत’ घडतो 1945 च्या सुमाराच्या निजामी राजवटीत, तेलंगणात; मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता आणि देशमुखीचा तो पोत इथल्या वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको. या चित्रपटात भाटियांनी मुहम्मद कुली कुत्बशहाची दखनी रचना प्रीती सागर यांच्याकडून गाऊन घेतली. वली आणि सिराज या कवींच्या औरंगाबादेत या बोलीचा कान असलेली माणसं अजून सापडतील. सत्तेच्या वाड्यात प्रेमाची इतकी कोमल रचना आणून ठेवल्यावर वाड्याचं क्रौर्य अधिक उघडं पडतं. ते दाखवायला ढोल बडवावे लागत नाहीत.

‘मंथन’मधलं ‘मेरो गाम काथा पारे’ सर्वांना ठाऊक आहे. त्यासाठी प्रीती सागर यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, पुढे अमूलने ते जाहिरातीत वापरलं, आणि त्याची ओळख सुखी गोकुळाचं गाणं अशी झाली. चित्रपटात त्याचं काम निराळं आहे. शहरातून आलेल्या डॉक्टरला माझं घर-अंगण विसरू नको, असं कुणीतरी सांगतं आहे, आणि तो ते विसरणार, हे कथा आपल्याला हळूहळू कळवत जाते. गाण्याची सुरावट पुन्हा येते तेव्हा तिचा अर्थ बदललेला असतो. पहिल्यांदा आमंत्रण, नंतर तक्रार. एकच सुरावट बदलत्या संदर्भात परत आणून कथा पुढे नेणं ही युरोपीय ऑपेराची जुनी युक्ती. इथे ती लोकगीताच्या साध्या चालीवर, इतकी बेमालूम चालते की तिच्यामागे लंडन-पॅरिसची वर्षं आहेत याचा संशयही येत नाही. जाहिरातीने गाणं जगवलं हे खरं. कथेतला सल मात्र वगळला.

‘भूमिका’ (1977) मराठी वाचकाला अधिक जवळचा, कारण तो हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला आहे. इथे भाटियांपुढचं काम विचित्र होतं. नायिका ही तीस ते पन्नासच्या दशकांतली नटी. तिच्या चित्रपटांची गाणी त्या त्या काळाची वाटली पाहिजेत, विडंबन वाटता कामा नये, आणि त्याच वेळी तिच्या खऱ्या आयुष्याचं संगीत वेगळं राहिलं पाहिजे. गीतकारांत मजरूह सुलतानपुरी आणि वसंत देव. गाणाऱ्यांत थेट सरस्वतीबाई राणे, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या, हिराबाई बडोदेकरांच्या भगिनी. ‘रामराज्य’ (1943) मधलं त्यांचं वीणेचं गाणं ज्यांनी ऐकलं आहे, त्यांच्या कानाला ‘भूमिका’तला हा आवाज नुसता जुन्या वळणाचा वाटत नाही, तो काळच तिथे हजर असतो. घराण्याची तालीम, बोलपटाचं गाणं आणि एकटेपणाचं पार्श्वसंगीत अशा तीन पातळ्या चित्रपटभर एकमेकींना छेद देत राहतात. काउंटरपॉइंट म्हणजे अनेक स्वतंत्र रेषा एकाच वेळी चालवणं. भाटियांनी ते इथे स्वरांच्याऐवजी शैलींचं करून दाखवलं आहे. माझ्या मते त्यांची सर्वांत बारीक कामगिरी हीच. आणि ‘भूमिका’विषयी बोलताना आपण स्मिता पाटीलपाशी थांबतो, तेही समजण्यासारखं आहे.

‘जाने भी दो यारो’ (1983) च्या शेवटी ‘हम होंगे कामयाब’ वाजतं तेव्हा दोन निरपराध माणसं कैद्यांच्या कपड्यांत चाललेली असतात: गाणं एक सांगतं, चित्र दुसरंच. 1981 च्या ‘36 चौरंगी लेन’मध्ये अँग्लो-इंडियन शिक्षिकेच्या एकाकी घरात पाश्चात्त्य स्वर मुळातच घरचे, तिथे भाटियांना जुळवाजुळव करावी लागलीच नाही. पुढे ‘अजूबा’, ‘दामिनी’, ‘परदेस’ अशा बड्या व्यापारी चित्रपटांचं पार्श्वसंगीतही त्यांनी केलं. ते नीटनेटकं आहे, पण दर मिनिटाला भावना अधोरेखित करायची असली की ऑल्विन यांचा शिष्य आणि दुसरा कुणी कुशल कारागीर यांत फरक उरत नाही.

त्यांच्या संगीताला सर्वांत मोठा श्रोतृवर्ग चित्रपटगृहाने दिला नाही, दूरदर्शनने दिला. 1988 च्या सुरुवातीला गोविंद निहलानींची ‘तमस’ आली आणि नोव्हेंबरमध्ये बेनेगल यांची त्रेपन्न भागांची ‘भारत एक खोज’ सुरू झाली. समांतर चित्रपट शहरातल्या एखाद्या थिएटरला सकाळच्या खेळापुरता येई. तालुक्याच्या गावाला तोही नाही. पण टीव्ही तेव्हा गावोगाव पोचत होता. औरंगाबाद-पैठण रस्त्यावर चौदाव्या किलोमीटरला, चितेगावात, व्हिडिओकॉनचा कारखाना होता आणि ते संच देशभर जात. त्या काळच्या घरगुती संचांचे स्पीकर लहान असत. खर्जाचे स्वर त्यांतून जवळपास येतच नसत, वरचे स्वर चिरके होत. नीट ऐकू येई तो मधला पट्टा, म्हणजे माणसाच्या आवाजाचा. आता ‘तमस’चं शीर्षकसंगीत आठवा. फाळणीच्या कथेला वाद्यांचा कल्लोळ सुचणं सोपं होतं. भाटियांनी मुख्य जागा दिली रब्बाला घातलेल्या एका हाकेला, जी गाणं होता होता टाहो होते. जिंगल लिहून लिहून लहान स्पीकरवर काय टिकतं हे त्यांना ठाऊक झालं असणार, असं मानायला जागा आहे. हेतू काहीही असो, परिणाम वादातीत: ज्यांना मालिकेतले प्रसंग आज सांगता येत नाहीत त्यांनाही ती हाक आठवते.

‘भारत एक खोज’ची सुरुवात ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताने होते, मूळ संस्कृत आणि मग वसंत देव यांचा हिंदी अनुवाद. मराठी नाटकं हिंदीत नेणाऱ्या देवांनी इथे तीन हजार वर्षांपूर्वीचा संशय बोलीच्या जवळ आणला. वेदपठणाचे स्वर मोजके: उदात्त, अनुदात्त, स्वरित. राग विस्तारत जातो, पठण एका अरुंद पट्ट्यात फिरतं. या अरुंदपणामुळेच त्याच्याभोवती आवाजांचे थर रचता येतात आणि मूळ रेषा बुडत नाही. लंडनमध्ये शिकलेल्या समूहस्वरलेखनाला भारतीय स्वरांत जागा सापडली ती अशी. यमनाखालची जमीन सरकवली तर यमन मोडतो. सूक्ताखालची जमीन सरकवली तर सूक्त विचारतं आहे तो प्रश्नच ऐकू येऊ लागतो, कारण सृष्टीच्या आधी काय होतं हे कुणाला ठाऊक, असं विचारणाऱ्या सूक्ताला पायाखाली पक्की जमीन मुळात नाहीच. हार्मनीला इतकं अर्थपूर्ण कारण आपल्याकडच्या पडद्यावर क्वचितच मिळालं आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की यात उपेक्षा कुठे आहे? ‘तमस’साठी राष्ट्रीय पुरस्कार, पुढच्याच वर्षी संगीत नाटक अकादमी, 2012 मध्ये पद्मश्री. आक्षेप रास्त आहे, आणि गाणी जवळपास नसलेल्या कृतीला सर्वोत्कृष्ट संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळणं ही परीक्षकांच्या कानाची पावतीच. पण सन्मान आणि श्रवण या वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय पुरस्कारांत गाणी आणि पार्श्वसंगीत यांची कायमची विभागणी झाली ती 2009 च्या चित्रपटांपासून. त्याआधी पार्श्वसंगीत हे गाण्यांच्या हिशेबातच धरलं जाई. ध्वनिमुद्रिका निघत त्या गाण्यांच्या, रेडिओवर लागत ती गाणी, समीक्षेतही एक वाक्य गाण्यांवर आणि अर्धं पार्श्वसंगीतावर. 7 मे 2021 ला भाटिया गेले तेव्हा आठवणींत पुन्हा ‘मंथन’चं गाणं आणि लिरिलच आले. पुरस्कारांच्या यादीत असलेल्या माणसाचं मुख्य काम कुणी सुटं ऐकलेलंच नसावं, याला मी उपेक्षा म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पार्श्वसंगीत सुटं ऐकायचंच नसतं; ते चित्राचा भाग आहे, जाणवलं की फसलं. या मताला आपल्याकडे भक्कम आधारही आहे. व्ही. शांतारामांनी 1937 मध्ये ‘कुंकू’त पार्श्वसंगीत वगळलं आणि नैसर्गिक आवाजांवर चित्रपट उभा केला. केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार हाताशी असताना केलेला हा त्याग होता. भोळ्यांनी शांता आपटे यांच्याकडून लाँगफेलोची इंग्रजी कविता गाऊन घेतली ती याच चित्रपटात, हेही जाता जाता आठवावं. पण ‘कुंकू’ सिद्ध काय करतो? एवढंच की संगीत कुठे नको, हा संगीताचाच निर्णय आहे. ऑल्विनही शांततेचे मोठे पुरस्कर्ते होते. आणि जाणवू नये म्हणून लिहिलेलं संगीत सुटं ऐकण्याच्या लायकीचं नसतं, हे तर इतिहासच खोडून काढतो: व्हॉन विल्यम्स यांनी ‘स्कॉट ऑफ दि अंटार्क्टिक’ (1948) साठी लिहिलेल्या संगीतातून त्यांची सातवी सिंफनी उभी राहिली. नाट्यगीतं नाटकाबाहेर ऐकताना आपण कधी बिचकलो नाही. मग चित्रपटसंगीताच्या वाट्यालाच ही अट का?

तिसरा आक्षेप खुद्द भाटियांच्या आयुष्यातून निघतो. त्यांनी पियानोसाठी लिहिलं, तंतुवाद्यांसाठी ‘सिंफोनिया कन्चेर्तान्ते’ लिहिली, गिरीश कार्नाडांच्या नाटकावर ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा कित्येक वर्षं रचला; त्याचे पहिले दोन अंक 2012 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सादर झाले. त्यांची ‘रेव्हरी’ ही रचना 2019 मध्ये यो-यो मा यांनी मुंबईत चेलोवर वाजवली. सभागृहातला रचनाकार ही ओळख त्यांनी कधी सोडली नाही. मग चित्रपटसंगीतालाच त्यांचं मुख्य काम ठरवणारे आपण कोण? उत्तर असं की कलावंताची आकांक्षा आणि कलेची सिद्धी एकाच जागी असते असं नाही. ऑल्विन यांच्या सिंफनी चांगल्या आहेत, तरी सिंफनीकारांच्या मोठ्या रांगेत ते एक आहेत. ‘ऑड मॅन आउट’मध्ये ते एकटे आहेत. भाटियांचंही तेच. त्यांच्या मैफिलीच्या रचना भारतीय रचनाकाराने पाश्चात्त्य रूपात काय साधलं हे सांगतात. ‘भूमिका’ आणि ‘भारत एक खोज’ यांत मात्र रूपच इथलं झालं आहे.

राहिला चौथा आक्षेप, आणि तो मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. हार्मनीची गरजच काय? ‘पथेर पांचाली’ (1955) चं संगीत रविशंकरांनी एका रात्रीच्या बैठकीत, चित्र पाहत, बहुतांशी उत्स्फूर्तपणे उभं केलं. त्यांचे शिष्य भास्कर चंदावरकर यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पंधरा वर्षं शिकवताना भारतीय स्वर आणि वाद्यांतूनच पडद्याचा विचार करायला विद्यार्थ्यांना लावलं. ‘सामना’ (1975) मध्ये आरती प्रभूंच्या ‘कुणाच्या खांद्यावर’चा वापर पाहा. साखर कारखान्याच्या राजकारणावर त्या एका गाण्याने जेवढं भाष्य होतं, तेवढं पन्नास व्हायोलिनांनी झालं नसतं. मृणाल सेन यांच्या ‘खंडहर’मध्येही चंदावरकर किती थोड्यात भागवतात. ही वाट भाटियांच्या वाटेपेक्षा अधिक इथली आहे, आणि कदाचित अधिक मोकळीही. पण तिची एक मर्यादा आहे: एकाच रेषेचं संगीत एका क्षणी एकाच भावनेच्या बाजूने उभं राहतं. परस्परविरोधी दोन सत्यं एकाच वेळी ऐकवायची असतील, तर शब्दांची मदत घ्यावी लागते, जशी ‘सामना’ने घेतली. भाटिया तिथे शब्दांवाचून पोचू शकत. चंदावरकरांची उपेक्षाही थोडीथोडकी नाही. पण त्यांनी स्वतः मराठीत भरपूर लिहून ठेवलं, म्हणून त्यांचा विचार तरी वाचायला मिळतो.

भाटियांच्या बाबतीत सगळा भार उरलेल्या आवाजावर आहे, आणि तो आवाज किती नाजूक धाग्यावर टिकून आहे हे ‘मंथन’ने दाखवलं. पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला हा चित्रपट फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुनरुज्जीवित केला आणि 2024 मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. चित्रासाठी मूळ निगेटिव्ह मिळाली. आवाज मात्र घ्यावा लागला थिएटरात चालवण्यासाठी काढलेल्या 35 मिलिमीटरच्या एका प्रतीवरून. अशा प्रतीच्या कडेच्या ध्वनिपट्टीवर संवाद, बैलगाडीची करकर आणि संगीत एकजीव झालेलं असतं. त्यातून संगीत यंत्राने सुटं करणं आता थोडंफार जमतं, पण कोणतं वाद्य कोणती रेषा वाजवतं आहे हे ठरवायला शेवटी कानच लागतो. फिलिप लेन यांनी ऑल्विन यांच्यासाठी केलं ते काम इथे करण्याजोगी माणसं मुंबई, पुणे आणि गोव्यात आहेत. सुरुवात ‘भूमिका’पासून करावी. त्यातली गाणी ध्वनिमुद्रिकांवर सुरक्षित आहेत, म्हणजे वादकांचा संच, स्वरपट्टी आणि भाटियांची वाद्यलेखनाची सवय ताडून पाहायला आधार हाताशी आहे. ‘तमस’ त्यानंतर. ‘निशांत’ला वेळ लागेल, कारण त्यात संगीत इतकं कमी आहे की कुठे सुरू झालं हे शोधण्यातच निम्मे दिवस जातील.